घाई नसणाऱ्यांची नदी

2022 च्या उन्हाळ्यात डेल सँडर्स या अमेरिकन गृहस्थांनी मिसिसिपी नदी उगमापासून समुद्रापर्यंत वल्हवत पार केली. मिनेसोटातल्या इटास्का तळ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंतचे हे अंतर सुमारे 3,770 किलोमीटर भरते. सँडर्स यांचे वय तेव्हा 87 होते. त्याआधी 2015 साली, वयाच्या 80व्या वर्षी, त्यांनी हीच नदी 80 दिवसांत पार केली होती; मधल्या काळात दुसऱ्या एका वृद्धाने तो विक्रम मोडला, तेव्हा ते पुन्हा होडीत बसले. अशी बातमी वाचली की आपल्याकडे दोनच उद्गार निघतात. एक, ‘काय जिद्द म्हणायची!’ आणि दुसरा, ‘या वयात हे कशाला?’ पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात काळजी. पण दोन्हींमागचे गृहीतक एकच आहे. लांबचा नदीप्रवास हे तरुणांचे काम आणि म्हातारा माणूस त्यात अपवाद म्हणून शिरतो, असे आपण धरून चालतो. मला हे गृहीतकच उलटे वाटते. उघड्या होडीतून आठवडेच्या आठवडे चालणारा प्रवास उतारवयालाच अधिक मानवतो, कारण त्याला सगळ्यात जास्त लागते ती सवड. ती चाळिशीतल्या माणसाकडे नसते. असली तरी उसनी असते.

आधी शरीराचे बघू, कारण शंका तिथूनच सुरू होते. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हलकी होडी. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे आणि शेजारच्या आदिवासी जमातींनी ती बर्च झाडाच्या सालीपासून घडवली. आज ती केव्हलारसारख्या धाग्याची किंवा प्लास्टिकची असते. साधारण पाच मीटर लांबीची कनू दोन माणसे, तंबू आणि तीन-चार आठवड्यांचा शिधा सहज वाहून नेते. डोंगरात फिरणाऱ्याला हेच ओझे पाठीवर घ्यावे लागते आणि प्रत्येक उतारावर त्याची किंमत गुडघे मोजतात. कनूत ओझे पाणी उचलते. ज्याच्या गुडघ्यांनी सिंहगड चढायला नकार दिला आहे, असा माणूस दिवसभर वल्हे मारू शकतो. वल्हवणे हातांचे काम आहे असे दुरून वाटते, पण जाणता वल्हवणारा कमरेपासून धड वळवून पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचा जोर वल्ह्याला देतो. दंडाच्या जोरावर ओढणारा तरुण दुपारपर्यंत थकतो आणि सावकाश, एका लयीत वल्हे टाकणारा संध्याकाळपर्यंत चालतो, याचे कारण हेच.

तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते, हे खरे आहे. मात्र सगळे स्नायू सारखे घटत नाहीत. आधी झिजतात ते झटपट आकुंचन पावणारे तंतू, म्हणजे धावण्याच्या, उडी मारण्याच्या कामाचे. सावकाश आणि दीर्घकाळ काम करणारे तंतू त्या मानाने टिकून राहतात. वल्ह्याचा एकेक फटका हलका असतो, फक्त तो दिवसभरात हजारो वेळा मारायचा असतो. म्हणजे वय जे आधी हिरावते त्याची गरज नदीला कमी आणि जे उशिरापर्यंत राहते त्याची अधिक. शिवाय गेलेले काही प्रमाणात परतही मिळवता येते. 1990 साली मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक लहानसा प्रयोग वैद्यकशास्त्रात गाजला. बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहातल्या दहा वृद्धांकडून त्यांनी आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. त्यांचे सरासरी वय 90 होते. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दहाच माणसांवरचा प्रयोग होता, त्यामुळे त्या आकड्याला फार ताणू नये. पण ‘आता या वयात काय होणार’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीच्या खात्रीने उच्चारता येत नाही.

शरीराचा मुद्दा मात्र माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. लांब नदीवर माणसे बुडतात ती बहुधा अंगात जोर नसल्याने नव्हे. जिथे थांबायला हवे होते तिथे न थांबल्याने बुडतात. मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यात विनिबिगोशिश नावाचे विस्तीर्ण तळे लागते. सकाळी ते शांत असते आणि दुपारी वारा सुटला की उघड्या होडीत पाणी भरेल अशा लाटा उठतात. युकॉन नदीवरच्या सुमारे 50 किलोमीटर लांबीच्या लबार्ज तळ्याचीही हीच ख्याती आहे. तिथले उपाय सगळ्यांना ठाऊक असतात: पहाटे निघावे, काठ सोडू नये, वारा वाढला की होडी वर ओढून ठेवावी आणि तो पडेपर्यंत वाट बघावी. कधी तासभर, कधी दोन दिवस. सेंट लुईसच्या खाली मिसिसिपीवर एकमेकांना बांधलेल्या तीसतीस बार्जेसचे तांडे ढकलत बोटी जातात. त्यांना चटकन थांबता येत नाही आणि वळणावर त्यांच्यासमोर सापडणे म्हणजे जिवाशी गाठ. तिथेही उपाय एकच, काठाला लागून तांडा जाऊ देणे. हे सगळे ज्ञान पुस्तकात मिळते. ते वापरायला लागतो तो मोकळा दिवस, आणि ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे त्याच्याजवळ तो नसतो. दोन आठवड्यांची रजा काढून आलेला माणूस वाऱ्याकडे बघताना कॅलेंडरकडेही बघत असतो. निवृत्त माणसाला दोन दिवस किनाऱ्यावर बसून राहिल्याने काहीच गमवावे लागत नाही. माझ्या मते लाइफ जॅकेटनंतर नदीवरचे सर्वांत मोठे संरक्षण हेच आहे.

1955 सालच्या दोन सफरी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. त्या उन्हाळ्यात कॅनडातल्या चर्चिल नदीवर सहा जणांचा एक गट उतरला. त्यात निसर्गलेखक सिगर्ड ओल्सन 56 वर्षांचे होते, एरिक मोर्स पन्नाशी ओलांडलेले, सोबत नेदरलँड्सचे राजदूत, कॅनडाच्या लष्करातले एक मेजर जनरल आणि संरक्षण संशोधन मंडळाचे प्रमुख. म्हणजे खुर्चीत बसून काम करणारी, केस पिकलेली किंवा पिकू लागलेली मंडळी. सुमारे 800 किलोमीटर अंतर त्यांनी जुन्या फर व्यापाऱ्यांच्या वाटेने पार केले आणि सुखरूप परतले. ओल्सन यांचे ‘द लोनली लँड’ हे पुस्तक याच प्रवासावर आहे. त्याच वर्षी आर्थर मोफॅट, वय 36, बहुतेक विशीतल्या तरुणांना घेऊन उत्तरेतल्या डुबॉन्ट नदीवर गेले. गटात ताकद होती, मोफॅटना अनुभवही होता. पण सुरुवातीचे आठवडे रेंगाळण्यात गेले, शिधा संपत आला, हिवाळा दाराशी आला, आणि मग सुरू झाली घाई. 14 सप्टेंबरला पुढचे पाणी नीट न पाहताच होड्या खळाळात घातल्या गेल्या, त्या उलटल्या आणि बर्फासारख्या पाण्यातून बाहेर आल्यावर मोफॅट गारठून मरण पावले. यातून तरुण बेपर्वा आणि वृद्ध शहाणे असा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही. डुबॉन्टवर वेळ भरपूर होता, तो मोजून वापरला गेला नाही. तेव्हा सवड म्हणजे नुसते रिकामे दिवस नव्हेत. कोणता दिवस बसून काढायचा आणि कोणत्या दिवशी चालायलाच हवे, हे ओळखण्याची समजही तिच्यात येते. वयाबरोबर ती आपोआप येत नाही, पण येण्याची शक्यता वाढते.

या युक्तिवादाच्या विरोधात जाणारा दाखला याच मंडळींच्या गोतावळ्यातला आहे. मोर्स यांच्या वर्तुळातले ब्लेअर फ्रेझर हे कॅनडाचे नामवंत पत्रकार आणि ‘मॅक्लीन्स’चे माजी संपादक. मे 1968 मध्ये पेटवावा नदीच्या रोलवे खळाळात त्यांची होडी गेली आणि ते बुडाले. वय 59, गाठीशी वर्षानुवर्षांचा अनुभव, सोबतीला जाणकार. वसंतातले फुगलेले पाणी यातल्या कशाचीही पत्रास ठेवत नाही. अनुभवाचा एक धोका असा की आजवर निभावले ते आजही निभावेल असे वाटू लागते. त्यामुळे उतारवयात नदीवर जाणाऱ्याने आपली नदी निवडताना कठोर असले पाहिजे. खळाळ जितके थोडे आणि वळसा घालायला खुष्कीची वाट जितकी सोपी, तितके बरे. उसळत्या पाण्याची मजा हा वेगळा खेळ आहे. त्याला चटकन प्रतिसाद देणारे शरीर लागते, आणि तो तरुणांनी खेळावा, असे म्हणायला मला संकोच नाही.

आणखी एक आक्षेप तर्कशुद्ध आहे. सँडर्स यांच्यासारखी उदाहरणे मुलखावेगळ्या माणसांची असतात. ज्यांना जमले नाही त्यांच्या बातम्या होत नाहीत. मान्य. व्हर्लन क्रूगर यांचेच घ्या. मिशिगनमधला हा प्लंबर, नऊ मुलांचा बाप, चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कनूत बसला. 1980 ते 1983 या काळात त्यांनी एका सोबत्याबरोबर सुमारे 45,000 किलोमीटर वल्हवले आणि 1986 ते 1989 मध्ये, वयाच्या चौसष्टीपासून सहासष्टीपर्यंत, कॅनडाच्या आर्क्टिक टोकापासून दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नपर्यंत आणखी 33,000 किलोमीटरहून अधिक. हे कोणाही निवृत्त माणसाला जमेल असे म्हणणे फसवणूक ठरेल. पण माझे म्हणणे क्रूगरच्या मैलांवर उभे नाही. त्यांच्या चरित्रातली मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट, आरंभाची. हे कौशल्य चाळिशीनंतर शिकता येते. होडी सरळ ठेवण्यासाठी वल्ह्याला शेवटी द्यायचा पीळ, प्रवाहाला तिरकी धरून पलीकडे नेण्याची युक्ती, हे काही लहानपणापासून अंगात मुरावे लागते असे नाही. एखाद्या संथ तळ्यावर नियमित सराव केला तर ते एका हंगामात हाताला बसते.

सामान्य प्रकृतीच्या, साठी-पासष्टीच्या माणसाने डोळ्यांसमोर ठेवावी अशी नदी मिसिसिपी नव्हेच. तिच्या मधल्या टप्प्यात मिनिआपोलिस ते सेंट लुईस अशी 29 बंधारे आणि जलपाशांची माळ आहे, आणि खाली बॅटन रूजपासून समुद्रात जाणारी जहाजे. मी युकॉन सुचवीन, तीही सगळी 3,190 किलोमीटर नव्हे, तर व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी हा सुमारे 715 किलोमीटरचा टप्पा. होडी खांद्यावर घ्यावी लागेल अशी एकही जागा वाटेत नाही. लबार्ज तळे सोडले तर प्रवाह स्वतःच ताशी सहा-सात किलोमीटर पुढे नेतो. गावे मोजकी, काठावर 1890 च्या दशकातल्या सोन्याच्या धावपळीतली ओसाड लाकडी खोपटी, हूटालिंक्वासारखे जुने मुक्काम आणि फोर्ट सेलकर्कची जपून ठेवलेली वस्ती, तिथल्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची साक्ष देणारी. पुढे व्हाइट नदी हिमनद्यांचा गाळ घेऊन येऊन मिळते आणि त्यानंतर होडीच्या तळाला गाळाचे बारीक कण घासून सतत एक सळसळ ऐकू येत राहते. उन्हाळ्यात तिथे रात्रीही पुरता अंधार पडत नाही. वाऱ्यासाठी थांबलेला दिवस मध्यरात्री चालून भरून काढता येतो, आणि न काढला तरी चालतो. शर्यतीत हे अंतर लोक दोन-तीन दिवसांत कापतात. निवांत जाणाऱ्याने तीन आठवडे हाताशी ठेवावेत.

धोके सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पहिला थंड पाण्याचा. गॉर्डन गीसब्रेख्त या कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तो लक्षात राहील अशा तीन आकड्यांत मांडला आहे: अतिथंड पाण्यात पडल्यावर श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे गारठून मरायच्या आधी माणूस पोहता न आल्याने मरतो, म्हणून लाइफ जॅकेट अंगावरच हवे, होडीत ठेवलेले उपयोगाचे नाही. अमेरिकन तटरक्षक दलाची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच सांगते. होड्यांच्या अपघातांत बुडालेल्या पाचांपैकी चाराहून अधिक जणांच्या अंगावर ते नसते. वृद्धांच्या बाबतीत आणखी भर पडते. थंड पाण्याचा पहिला धक्का हृदयावर येतो, थंडीची आणि तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, लघवीची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी लवकर घटते, आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला साधी खोक पडणेही महागात जाते. खरे सांगायचे तर पाण्यापेक्षा काठ जास्त घातकी असतो. शेवाळलेल्या दगडावर, घसरड्या चिखलात, होडीतून उतरताना पाय जातो. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करायला सांगते. नदीवर जाणाऱ्याने सहा महिने आधीपासून ते करावेत, दंड कमावण्याच्या आधी.

घरच्यांची काळजी याहून अवघड, कारण ती प्रेमापोटी असते. ‘बाबा, आता जपा’ या तीन शब्दांत आपल्याकडची निम्मी म्हातारपणे कोंडली गेली आहेत. जपणे म्हणजे न हलणे असा अर्थ आपण करून ठेवला, आणि न हलण्याचे स्वतःचे आजार असतात हे विसरलो. वृद्धांचे पुष्कळसे पडणे घरातच होते. याच मराठी समाजात सत्तरीतल्या बायाबापड्या आळंदीपासून पंढरपूरपर्यंत 250 किलोमीटरच्या आसपास पायी जातात, पावसात भिजतात, मिळेल तिथे पाठ टेकतात, आणि त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या मराठी माणसांत निवृत्तांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी असते. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता महिनोन्‌महिने चालणे हे नदीवरून वल्हवत जाण्याइतकेच कष्टाचे आहे. त्या चालण्यामागे श्रद्धा आहे, कनूतल्या प्रवासामागे तशी नसेल, हा फरक मी नाकारत नाही. पण म्हाताऱ्या शरीराला लांबचा रस्ता झेपतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. आपण ते फक्त एका वाटेपुरते राखून ठेवले.

दुसऱ्यांच्या जिवावर साहस करू नये, शोधपथकाला कामाला लावू नये, असेही म्हटले जाते, आणि ते रास्त आहे. त्याचे उत्तर तयारीत असते: दोन होड्यांनी जाणे, उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र जवळ बाळगणे, रोज ठरल्या वेळी घरी खबर देणे, आणि मधेच सोडून देता येईल अशी नदी निवडणे. खर्चाचा आक्षेपही खोटा नाही. विमानभाडे, व्हिसा, विमा हे सगळे धरले तर ही चैन आहे आणि बहुतेक निवृत्तांच्या आवाक्याबाहेरची आहे. आपल्याकडच्या नद्यांवर स्वस्तात असे काही करता यावे अशी माझी इच्छा आहे, पण धरणांनी तोडलेल्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या आणि शहरांखाली सांडपाण्याने भरलेल्या कृष्णा-भीमेवर आज कोणाला तीन आठवडे राहायला सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र मराठी आईवडिलांचा एक मोठा वर्ग असा आहे जो मुलांकडे म्हणून अमेरिका-कॅनडात चार-सहा महिने जातोच. गाडी चालवता येत नाही, शेजारी कोणी बोलत नाही, नातवंडे शाळेत, आणि दिवस खिडकीपाशी जातो. मिनिआपोलिसला मुलगी असेल तर इटास्का तळे तिथून काही तासांवर आहे. ओंटारिओत मुलगा असेल तर संथ पाण्याच्या नद्या आणि भाड्याने कनू देणारे तळ्यातळ्यावर आहेत. तिकिटाचा खर्च तर झालेलाच असतो. अशा घरात जून महिन्यात एका छोट्या तळ्यावर दोन दिवसांनी सुरुवात करायला अडचण पैशाची नाही, कोणाला तसे सुचत नाही एवढीच आहे.

म्हणून घरात हा विषय निघाला तर चर्चा ‘जावे की न जावे’ यावर अडवून ठेवू नये. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: पाणी कोणत्या महिन्यात उतरते, सोबत कोण आहे, डॉक्टरांनी कोणत्या गोळीबद्दल काय सांगितले, आणि थांबावेसे वाटले तर बाहेर कुठे पडता येईल. युकॉनवर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चांगले आहे. जवळजवळ निम्म्या वाटेवर कारमॅक्स नावाचे गाव लागते, तिथे महामार्ग नदीला येऊन भेटतो. त्या टप्प्यातला मोठा खळाळ, फाइव्ह फिंगर, त्या गावाच्या पुढे आहे. लबार्ज ओलांडून झालेले असते, अंगाला वल्ह्याची सवय लागलेली असते, आणि पुढे जायचे की होडी परत करून गाडीने व्हाइटहॉर्स गाठायचे, हे तिथे एक-दोन दिवस मुक्काम करून, पाणी बघून ठरवता येते.